तिच्या चालचलनाची कैफियत

अदालतीचा चपराशी लिफाफा घेऊन शाळेत आला तेव्हा मी तिसरीच्या मुलींना शुद्धलेखन सांगत होते. लिफाफ्यावर माझं नाव आणि वर सरकारी शिक्का. हातातला खडू तसाच धरून मी उभी राहिले. मनात पहिलं आलं ते घरचं. आमचे हे पोस्टात कारकून, लढाईचे दिवस, पत्रं फोडून वाचली जात होती. काही कमी-जास्त झालं असेल का?

तसं काही नव्हतं. जिल्ह्याच्या अदालतीच्या नाझिमसाहेबांनी, म्हणजे मोठ्या न्यायाधीशांनी, मला भेटायला बोलावलं होतं. कशासाठी ते लिहिलेलं नव्हतं.

निजामाच्या कागदांवर आमच्या गावाला उस्मानाबाद म्हणायचे, तोंडात मात्र धाराशिवच होतं. मुलींच्या सरकारी शाळेत आम्ही तिघी शिक्षिका. त्यातल्या दोघी हैदराबादेहून आलेल्या, त्यांना मराठी जेमतेम कळायचं. मी इथलीच, उर्दू शाळेत शिकलेली, घरी मराठी बोलणारी. साहेबांनी मला का बोलावलं याचं उत्तर एवढंच होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी यांना बरोबर घेऊन गेले. साहेब वयानं पन्नाशीच्या पुढचे, बारीक आवाजाचे. त्यांनी मला खुर्ची दिली. यांना बाहेर बसावं लागलं, त्याचा राग यांनी पुढं दोन दिवस धरला.

साहेब म्हणाले, "एक औरत है. तिनं आपल्या दिराची कडब्याची गंज पेटवली. शेजारच्या म्हातारीचा गोठाही त्यात जळाला. गुन्हा तिनं कबूल केला आहे. सजा मला द्यायची आहे, पण किती द्यायची ते ठरवता येत नाही."

आग लावण्याचा गुन्हा मोठा होता. पाच-सात वर्षं सहज मिळाली असती. बायकांची सजा लांबली की त्यांना गुलबर्ग्याच्या मोठ्या तुरुंगात पाठवत. पण पहिलाच गुन्हा असला आणि माणूस मुळात बरा असला, तर नेकचलनीचा मुचलका, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी, घेऊन सोडताही यायचं. माणूस मुळात कसा आहे ते ठरवायचं कुणी? साहेबांनी पोलिसांच्या अमिनाकडून, म्हणजे फौजदाराकडून, तिच्या चालचलनाची कैफियत मागवली होती. तो कागद त्यांनी माझ्यापुढं सरकवला. त्यात एकच ओळ होती: बाई तापट आहे, गावात तिच्याबद्दल चांगलं मत नाही.

"हे कुणाला विचारून लिहिलं?" मी विचारलं.

"गावातल्या पुरुषांना," साहेब म्हणाले. "बायका अमिनाशी बोलतील का? तुमच्याशी बोलतील. जे पाहाल, जे ऐकाल, तेवढंच लिहा. चांगलंही, वाईटही."

आजकाल अशा कामाला नेमलेले अधिकारी असतात. तेव्हा आमच्या मुलखात तसं कुणी माझ्या ऐकिवात नव्हतं. मी हो म्हटलं खरं, पण घरी येताना तेच डोक्यात होतं. मुलींच्या पाटीवर लाल खूण करणं निराळं आणि हे निराळं.

आधी मी तिला भेटले. तुरुंगात बायकांसाठी एकच खोली होती आणि त्या महिन्यात तिथं ती एकटीच होती. तिशीच्या आतली, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. भिंतीला टेकून बसली होती, मला बघून उठली. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"गंज का पेटवली?" मी विचारलं.

"गाय मेली म्हनून."

मग तुकड्या-तुकड्यानं सगळं निघालं. नवरा सोलापूरला गिरणीत होता, तिथंच तापानं गेला. ती पाच वर्षांच्या लेकीला घेऊन दिराच्या घरात राहिली. शेतात राबायची दीर-जावेच्या बरोबरीनं. तिच्या आईनं लग्नात एक कालवड दिली होती, तिची गाय झाली होती. त्या उन्हाळ्यात वैरणीची टंचाई पडली तसा दीर म्हणाला, कडबा घरच्या जनावरांना, तुझ्या माहेरच्या गाईला नाही. तिनं बांधावरचं गवत खुरपून घातलं, बाभळीच्या शेंगा घातल्या. गाय बसली ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चुलीतला निखारा गवरीवर घेऊन ती गंजीकडं गेली.

"आता वाईट वाटतं का?"

साहेबांनी हे आवर्जून विचारायला सांगितलं होतं. तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"गंजीचं न्हाय वाटत. म्हातारीच्या गोठ्याचं वाटतं. वारं फिरलंच शेवटी."

मला तिचं उत्तर आवडलं नाही. म्हणजे, मला ती आवडली, पण ते उत्तर कागदावर कसं दिसेल ते मला तिथंच दिसलं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. त्या शुक्रवारी मी शाळेतल्या बूबूला बरोबर घेतलं. बूबू म्हणजे मुलींना घरून आणणारी-पोचवणारी वयस्क मुसलमान बाई. तिला सगळा मुलूख ठाऊक आणि बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. तुळजापूरपर्यंत मोटार, तिथून जळकोटच्या रस्त्यानं दुसरी मोटार, आणि पुढं कोस-दीड कोस बैलगाडी. उन्हानं डोकं भणभणत होतं. बूबू गाडीवानाला वाटभर विचारत होती, आणि गावात पोचेस्तोवर आम्हांला निम्मं गाव कळलं होतं.

दिराच्या घरी आमच्यासाठी घोंगडं अंथरलं होतं. दीर चाळिशीचा, धिप्पाड, बोलायला मऊ. तो समोर बसला तो हललाच नाही. मी त्याच्या बायकोला काही विचारलं की उत्तर तोच द्यायचा.

"तुमच्या जावेचं आणि तुमचं पटायचं का?"

"कसलं पटतंय बाई," तो म्हणाला. "माज्या हाताला चावली होती ती. ही बगा खूण."

मनगटावर खरंच दातांचे व्रण होते. मी वहीत लिहून घेतलं. त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं ओठांपर्यंत ओढलेला.

बूबूनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग ती गुडघ्यावर हात देत उठली आणि दिराला म्हणाली, "भाई, जळाल्ती वो जगा तो दिखाव मेरे कू. सरकार पूछी तो मैं क्या बोलूं?" सरकार म्हटल्यावर त्याला उठावंच लागलं. तो बूबूला घेऊन गंजीच्या जागेकडं गेला. बूबू चालायची हळू, आणि त्या दिवशी तर फारच हळू चालली.

जाऊ मला आत घेऊन गेली. ताक देते म्हणाली, पण ताकाला हात लावला नाही.

"बाई, ती चावली ते खरं हाय," ती हळू म्हणाली. "पर का चावली ते इचारा की. ह्यांनी तिच्या पोरीला फरफटत भाईर काढलं हुतं. गाईला कडबा चोरून घातला म्हनून. पोरीनं घातला हुता, येक पेंढी."

"हे अमिनाला सांगितलं का?"

"मला कोन बोलू देतंय?" मग ती आणखी जवळ आली. "आनि येक हाय. त्या दिवशी म्या परड्यात व्हते. निखारा घिऊन ती आदी गंजीकडं न्हाय गेली. म्हातारीच्या गोठ्यात गेली. दोनी म्हशी सोडल्या, वड्याकडं हाकलल्या, मग गंजीकडं गेली. वारं फिरलं तर, म्हनून आसंल. म्या माज्या डोळ्यानं बगितलं. पर माजं नाव घिऊ नका, बाई. हे घरात मला ठिवनार न्हाईत."

मी तिला शब्द दिला. देताना काही वाटलं नाही, पण ताक न पिता बाहेर आले तेव्हा मला कळलं की मी स्वतःला अडकवून घेतलं आहे. हीच एक गोष्ट त्या बाईला वाचवू शकत होती, आणि ती कुणी पाहिली हे मला सांगता येणार नव्हतं. नावाशिवाय सांगितलेल्या गोष्टीला अदालतीत काय किंमत?

मग मी शेजारच्या म्हातारीकडं गेले. लिंगायत घर, म्हातारी कपाळभर विभूती लावलेली. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. गोठ्याचं छप्पर जळून नुसत्या काळ्या मेढी उभ्या होत्या. मला वाटलं होतं ही शिव्या देईल. तिच्या ओसरीवर एक मुलगी चिंचोके मांडून खेळत बसली होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तिचीच की," म्हातारी म्हणाली. "आई तुरुंगात. चुलता ठिवंना. मग काय रस्त्यावर टाकू व्हय?"

"तुमचा गोठा जाळला तिनं."

"जाळला. लई राग हाय मला. सुटून आली की दोन थोबाडीत देनार हाय मी." मग ती मेढीला हात लावून म्हणाली, "पर म्हशी वाचल्या. बसवण्णानं वाचवल्या. दोनी वड्यात उभ्या हुत्या, अंगाला चटका न्हाय. गळ्यात दावी लोंबत."

मी थांबले. "दावी तुटलेली होती का?"

"इल्ला! तुटली असती तर नवी घ्यावी लागली असती. ही काय, तीच हायत." तिनं खुंटीवरून दोन दावी काढून माझ्या हातात दिली. जाड, अंबाडीची, टोकापर्यंत साबूत. कुठं जळाल्याचा डाग नाही, ताण बसून उसवलेला पीळ नाही.

"मग ही खुंट्यावरून सुटली कशी?"

म्हातारीनं दावी परत खुंटीला अडकवली. "सांगितलं की. बसवण्णानं सोडली."

मला हसू आलं. जावेचं नाव न घेता तीच गोष्ट सांगायची वाट माझ्या हातात होती, अंबाडीची. परत येताना गाडीत मी बूबूला सगळं सांगितलं. बूबू म्हणाली, "अब उस से पूछ. वो बोलना अपने मुंह से."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पुन्हा तुरुंगात गेले. विचारलं, "म्हातारीच्या म्हशी कुणी सोडल्या?"

"म्या."

"मग हे अदालतीत का नाही सांगितलंस?"

ती जरा चकित झाली. "मला कुनी इचारलंच न्हाय. साहेबानं इचारलं, गंज तू जाळली का? म्या म्हनलं, व्हय."

कैफियत लिहायला मला दोन दिवस लागले. उर्दूत लिहायची होती, आणि त्या बायकांचं बोलणं उर्दूत घातलं की भलतंच सभ्य व्हायचं. मी खोडत होते, परत लिहीत होते. हे शेजारी बसून वाचत होते. चावल्याची गोष्ट आली तेव्हा म्हणाले, "हे कशाला? दीर सांगेल ना ते. तू चांगलं तेवढं लिही."

"साहेबांनी दोन्ही लिहायला सांगितलंय."

"आणि गंजीचं वाईट वाटत नाही, हे? हे वाचून कोणता न्यायाधीश सोडेल?"

मी ती ओळ खोडली. मग पाणी प्यायला उठले, परत आले, आणि ओळ पुन्हा लिहिली. खोडलेलीच ठेवली असती तर कागदावरची बाई ती राहिली नसती, मी बनवलेली कुणी भलतीच झाली असती. पण धीरानं लिहिली असं म्हणणार नाही. आपल्या सरळपणापायी एखादीला पाच वर्षं भोगावी लागतील, ही भीती होतीच.

अदालतीत सजा सुनावायच्या दिवशी मलाही बोलावलं होतं. ती कठड्याजवळ उभी. दीर एका बाजूला, नवं धोतर नेसून. म्हातारी आपल्या थोरल्या लेकाला घेऊन आली होती आणि तिचं बोट धरून ती पोर. आईला बघून पोर टाचा उंचावून उभी राहिली.

साहेबांनी माझी कैफियत पेशकाराला, म्हणजे अदालतीच्या कारकुनाला, मोठ्यानं वाचायला लावली. वाईट वाटत नाही ही ओळ आली तेव्हा दीर हसला. मी खाली मान घातली. चावण्याचं कारण वाचलं गेलं तेव्हा त्याचं हसू गेलं. फरफटण्याचं जावेनं जे सांगितलं ते पोर पुन्हा मला म्हातारीच्या ओसरीवर बोलली होती, म्हणून मी पोरीच्या तोंडचं लिहिलं होतं. जावेचं नाव कुठंही नव्हतं.

दाव्यांशी आल्यावर साहेबांनी हात वर केला. "अमिनाचा पंचनामा काढा."

पेशकारानं कागद चाळले. पंचनाम्यात सरळ लिहिलेलं होतं: दोन म्हशी ओढ्यात आढळल्या, गळ्यात दावी साबूत. सगळ्यांनी ते वाचलं होतं, थांबलं कुणी नव्हतं. साहेबांनी म्हातारीला पुढं बोलावून विचारलं, तिनं बसवण्णाचं सांगितलं. मग त्यांनी तिला, त्या बाईला विचारलं.

"व्हय, म्या सोडल्या," ती म्हणाली.

म्हातारी गर्रकन वळली. "तू? आनि मी चार सोमवार बसवण्णाला नारळ फोडले!"

अदालतीत हशा पिकला. साहेबही ओठ दाबून हसले. त्या हसण्यानं माझी भीती पहिल्यांदा थोडी कमी झाली.

मग ते माझ्याकडं वळले. "आपण हिला आपल्या शेजारी राहू द्याल?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी खरोखर विचार केला. "देईन," मी म्हटलं. "पण तिला पुन्हा त्याच दिराच्या घरात ठेवणार नाही."

साहेबांनी बराच वेळ काही लिहिलं. मग त्यांनी वाचलं. दोन वर्षांच्या नेकचलनीच्या मुचलक्यावर तिला सोडलं होतं. जामीन एक पाहिजे. दिराच्या घरात राहायचं नाही. म्हातारीचा गोठा तिनं अंगमेहनतीनं उभा करून द्यायचा. आणि दर तीन महिन्यांनी मी जाऊन बघायचं आणि लेखी कळवायचं.

"जामीन कोण राहतो?" साहेबांनी विचारलं.

दीर छताकडं बघत होता. तेवढ्यात म्हातारीनं मुलाला कोपरानं ढोसलं. तो उठला, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "म्या ऱ्हातो."

तिला मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी सांगितलं. तिला पहिल्यांदा कळेचना. "म्हंजी किती वरसं?" तिनं विचारलं.

"काही नाही. घरी जायचं. नीट राहायचं."

कठड्याला धरून ती खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. इतके दिवस डोळ्यांत टिपूस नव्हता. म्हातारी पोरीला घेऊन गेली, पोर तिच्या मांडीवर टाकली, आणि कबूल केल्याप्रमाणे एक थोबाडीत दिली, पण अगदी हलकी, गालावरची माशी हाकलावी तशी. बाहेर आल्यावर मीही रडले. हे म्हणाले, "आता का?" मोकळं वाटत होतं एवढंच.

पुढची दोन वर्षं मी दर तीन महिन्यांनी त्या गावाला गेले. पहिल्या खेपेला ती म्हातारीच्या परड्यात एका छपरीत राहत होती आणि गोठ्याच्या मेढी बदलून झाल्या होत्या. दुसऱ्या खेपेला वर पाचटाचं छप्पर होतं. तिसऱ्या खेपेला दोघींचं कशावरून तरी कडाक्याचं भांडण झालेलं होतं आणि दोघी आपापली बाजू मला एकदमच सांगत होत्या, एक मराठीत, एक कानडीत. मी कळवलं: भांडतात, पण एका चुलीवर जेवतात. जाऊ एकदा ओढ्यावर भेटली. माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं दिलं आणि धुण्याकडं वळली.

शेवटच्या कैफियतीच्या वेळी साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांना या खटल्याचं काही ठाऊक नव्हतं. मी लिहिलं होतं की मुदतीत तिच्याविरुद्ध काही तक्रार आली नाही, ती बटाईनं एक तुकडा कसते, मुलगी गावच्या शाळेत जाते. पेशकारानं तारीख बघितली, मुचलक्यावर "मुदत संपली" असं लिहून शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

मी घरी आले. हे कामावर होते. उन्हाळ्याची दुपार होती, दार लोटून घेतलं, जमिनीवर नुसती चटई टाकली आणि दिवे लागेपर्यंत गाढ झोपले.